भरू न द्यायची जखम

द्रौपदाबाई पिंपरी पेंढारच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत. चौऱ्याण्णव साली पुण्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं. थोड्याच दिवसांत लाली गेली आणि डोळा असा स्वच्छ झाला, की बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय आसं वाटतच न्हाई." डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं. पण दुखत नव्हतं, त्यात वार्षिक परीक्षा आल्या. बाई गेल्या नाहीत.

सात महिन्यांनी पटांगणात डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून त्यांनी तो मिटला, तर समोरची शाळाच दिसेना. उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळत होता. आतलं प्रेशर केव्हाच परत चढलं होतं, आणि गेलेली नजर काही परत येणार नव्हती.

पुढे डावा डोळाही तीच वाट धरू लागला. जुन्नरला दर गुरुवारी पुण्याहून इंद्रायणी मॅडम डोळे तपासायला यायच्या. शहाण्णवच्या जानेवारीत त्या म्हणाल्या, "बाई, थेंबांनी आता भागत नाही. ऑपरेशन करावं लागेल."

बाईंचे मालक भागुजी शेजारी बसले होते. एसटीच्या वर्कशॉपातून नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पयल्यानं काय झालं ते बघितलं आमी. आता हाय तो बी घालवायचा का?"

मॅडमनी कागदावर डोळा काढला. "डोळ्यात सारखं पाणी तयार होतं. ते साचलं की प्रेशर वाढतं. म्हणून ऑपरेशनमध्ये आपण त्याला बाहेर जायला बारीक वाट करून देतो. पण शरीराला ती वाट म्हणजे जखम वाटते. बाईंच्या शरीरानं ती भरून टाकली."

बाईंनी कागदावरच्या त्या वाटेवर बोट ठेवलं. "म्हणजे जखम छान भरली म्हणून सगळे खूश होते, तेव्हाच..."

"हो. तेव्हाच वाट बंद होत होती. म्हणून या वेळी ऑपरेशननंतर दोन आठवडे डोळ्याच्या कडेला रोज इंजेक्शन द्यायचं. ते जखम लवकर भरू देत नाही."

"कशाचं औशद?" भागुजींनी विचारलं.

"कॅन्सरला वापरतात ते. इथे मात्रा अगदी थोडी असते."

भागुजी उठूनच उभे राहिले. परतीच्या एसटीत आळेफाटा मागे पडल्यावर म्हणाले, "दुसरा डॉक्टर बघू."

"अवो, कॅन्सरचं नाव न घेता भागलं असतं त्यांचं," बाई म्हणाल्या. "तरी घेतलं. मी त्यांच्याकडंच करणार."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. दोघं येरवड्याला पुतणीकडे राहिले आणि रोज सकाळी बसने दवाखान्यात जाऊ लागले. बधिर करणारे थेंब टाकून मॅडम डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या कडेला सुई द्यायच्या. बाई खुर्चीचा हात घट्ट धरून मनातल्या मनात बे ते तीसचे पाढे म्हणायच्या. पहिल्या दिवशी सतराच्या पाढ्यात चुकल्या, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

सहाव्या दिवशी डोळ्यात वाळू ओतल्यासारखं झालं. पापणी उघडेना, पाण्याची धार लागली. औषधाने बुबुळावरची नाजूक साल निघाली होती. भागुजींनी पुतणीच्या घरून पिशवी भरूनच आणली. "बास झालं. घरी चल."

मॅडमनी तपासलं आणि काही लपवलं नाही. "प्रेशर अकरावर उतरलंय, म्हणजे वाट उघडी आहे. आता थांबलो तर ती बुजू शकते. असंच चालू ठेवलं तर साल भरणार नाही, जंतू शिरायची भीती. मला वाटतं दोन दिवस सुट्टी घ्यावी, आणि आठच्या जागी तीनच इंजेक्शनं द्यावीत. पण खात्री देता येत नाही."

डोळे मिटलेल्या बाईंनी भलतंच विचारलं. "मागच्या वेळी मी महिन्याने दाखवायला गेले असते, तर तो डोळा वाचला असता?"

"कदाचित. वेळेवर कळलं असतं, तर काही करून बघता आलं असतं. दुखत नसलं तरी का यायचं, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, त्यामुळे त्या रडल्या की नाही ते भागुजींना कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पिशवी ठेवा खाली. तीन तर तीन."

तिसरं इंजेक्शन झालं त्या दिवशी भागुजींनी मॅडमना हात जोडले.

महिनाभर डाव्या डोळ्याला धुरकट दिसत होतं. मग पूर्वीइतकं दिसू लागलं. त्याहून चांगलं नाही. कुणी विचारलं, "नजर वाढली का?" तर बाई सांगत, "वाढायची नव्हतीच. आहे ती राहिली." दर तीन महिन्यांनी त्या जुन्नरला प्रेशर मोजून येत. कधी बारा, कधी चौदा. दोन हजार तीनला निवृत्त झाल्या तेव्हाही हजेरीपटावरची नावं त्या स्वतःच वाचत होत्या.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्या कळंबला धाकट्या भावाकडे गेल्या. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो, हे मॅडमनी कितीदा बजावलं होतं. चांगदेव कांद्याच्या वावरात होता.

"मला लख्ख दिसतंय, आक्का," तो म्हणाला. "सुईत दोरा ओवून दाखवू का?"

"मलाही तसंच दिसत होतं. हातपाय धू. मॅडम आज जुन्नरला आल्यात."

"आज पाण्याची पाळी हाय."

"पाणी वहिनी बघंल," बाई म्हणाल्या, आणि बांधावर पदर सावरून बसल्या. चांगदेवाने दोनदा त्यांच्याकडे वळून बघितलं. मग त्याने फावडं बांधाला टेकवलं आणि तो पाटावर पाय धुवायला गेला.