काकासाहेबांच्या नावाची प्रदक्षिणा

टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत माणसाचा मोठेपणा त्याच्या जमिनीवरून ठरत असे, हे अर्धेच खरे. उरलेला अर्धा त्याच्या पायांवरून ठरे. ज्याला पायी चालावे लागत नाही तो मोठा. ज्याला पाण्याच्या तांब्यापर्यंतही उठावे लागत नाही तो त्याहून मोठा. या हिशेबाने काकासाहेब देशमुख हे निजामाच्या राज्यातल्या त्या कोपऱ्यातले फार मोठे गृहस्थ होते. आणि वैद्य दीनानाथशास्त्र्यांच्या मते, याच हिशेबाने ते मरणार होते.

दीनानाथशास्त्री काशीला शिकून आलेले, पन्नाशी ओलांडलेले विधुर. गावाने त्यांना मान देऊन एकटे पाडले होते. ते बोलू लागले की लोक हात जोडत आणि हात जोडले की ऐकणे संपले असे समजत. एखादा सिद्धान्त समजावून सांगावा, तर समोरचा म्हणे, "तुमीच खरं, बुवा," आणि चूर्णाची पुडी मागे. वर्षानुवर्षे कोणी विरोध केला नाही तर विद्वानाचे जे होते ते त्यांचे होऊ लागले होते: स्वतःचा आवाज त्यांना खोलीत उरलेल्या धुरासारखा वाटे. अपवाद एकच. रोज दुपारी ते देशमुखांच्या बैठकीवर जात, आणि काकासाहेब तक्क्याला टेकून, सुपारी कातरत, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून म्हणत, "हे मला बिलकुल पटत न्हाई, शास्त्रीबुवा." त्या एका वाक्यासाठी दीनानाथशास्त्री सकाळ ढकलत असत.

त्या दिवाळीत ओट्याच्या पायऱ्या चढताना काकासाहेब मध्येच थांबले. छातीवर हात दाबला, कपाळावर घाम आला, डावा हात खांद्यापासून जड झाला. घटकाभराने बरे वाटले तेव्हा ते हसले आणि आदल्या रात्रीच्या मटणाला दोष देऊन मोकळे झाले. शास्त्री हसले नाहीत.

"पोटाचं न्हाई हे. हृदयाचं आहे," ते म्हणाले. "तुमच्या मळ्यात मोटेचं पाणी पाटानं जातं ना? पाटात गाळ बसला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत न्हाई. हृदयाच्या धमन्यांचं तसंच आहे. तुमच्या पाटात गाळ बसलाय."

"मंग काढा की."

"अर्जुनसादड्याची साल देतो. दुधात पाणी घालून, पाणी आटेपर्यंत उकळायची. जेवणात लसूण, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी. मटण बंद, तुपातले लाडू बंद, दुपारची झोप बंद. आणि रोज पहाटे चालायचं."

काकासाहेबांनी सगळ्याला मान हलवली आणि शेवटच्या शब्दाशी अडकले. "पायी?"

"दुसऱ्या कशानं चालतात?"

"लोक म्हणतील देशमुखाची घोडी मेली. न्हाई तर विकली म्हणतील, ते त्याच्याहून वाईट."

"साल गाळ सैल करील. पाणी वाहतं ठेवणं तुमच्याकडं आहे."

काकासाहेबांच्या पत्नी गोजरबाई दाराआडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, दूध म्या सोता उकळीन. पन चालायचं त्येंच्या घराण्यात कुनी केलं न्हाई." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता.

तेव्हा शास्त्र्यांनी आयुष्यात प्रथमच विद्या बाजूला ठेवून हुशारी वापरली. हा माणूस वैद्याचे ऐकणार नाही, पण देवाचे ऐकेल, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांग उघडले, गंभीर मुद्रेने ग्रह पाहिले आणि अनुष्ठान सांगितले: पहाटे उठून ओढ्याकाठच्या देवळापर्यंत पायी जाणे, त्याला प्रदक्षिणा घालणे, पायीच परतणे, उन्हाळा लागेपर्यंत खंड नाही. काकासाहेबांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "देवाचं असंल तर मंग सवालच न्हाई." घरी परतताना शास्त्र्यांना आपल्या चातुर्याचा आनंद झाला. थोडी लाजही वाटली, पण ती आनंदाइतकी टिकली नाही.

पौष उजाडला. सालीचे दूध बिनचूक चालू होते. लसणाच्या वासाने बैठक ओळखू येत होती. तरीही काकासाहेबांचे पाय सुजू लागले आणि वाद घालताना ते वाक्याच्या मध्यावरच श्वासासाठी थांबू लागले.

"चालणं होतंय ना?" शास्त्री विचारत.

"एकदम बराबर. एक दिवसबी खंड न्हाई."

शास्त्र्यांनी सालीचे प्रमाण वाढवले, ग्रंथ पुन्हा चाळले, आपल्या निदानावर शंका घेतली. काकासाहेबांच्या शब्दावर शंका घेण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. आणि ते बरोबरच होते, कारण काकासाहेब खोटे बोलत नव्हते.

एका सकाळी शास्त्री ओढ्याकाठी सादड्याची साल काढायला गेले होते. देवळाभोवती देशमुखांचा गडी कडूबा झपाझप फेऱ्या घालत होता.

"कडूबा, काय करून राह्यलास?"

"मालकाचं चालून राह्यलो, बुवा." तो थांबला नाही, बोलत बोलत देवळामागे गेला आणि दुसऱ्या बाजूने उगवला. "मालकानं माझ्या हातावर पानी सोडलं न्हाई का, संकल्प करून. राजूरच्या गनपतीची चतुर्थीबी मीच करतो त्येंच्या नावानं. मागं अभिषेकाला भट लावला व्हता, तसंच हे."

शास्त्र्यांच्या हातातला कोयता खाली आला.

"आन बुवा," कडूबा पुन्हा समोरून जाताना म्हणाला, "अनुष्ठान लय गुणाचं हाये तुमचं. पहिलं मला दम लागायचा. आता पोट कसं हलकं झालं बगा!"

शास्त्री तसेच देशमुखांकडे गेले. वाटेत ज्याने त्याने हात जोडले. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही.

काकासाहेब सगळे ऐकून चकित झाले, पण ओशाळले नाहीत. "मंग चुकलं काय? आमच्या आज्यानं काशी केली ती भटाच्याच पायानं. पुण्य आज्यालाच लागलं."

"पुण्य लागत असेल. रक्त फिरत न्हाई, काकासाहेब! कडूबाच्या चालण्यानं कडूबाच्या धमन्या साफ झाल्या. तुमच्या तशाच आहेत."

काकासाहेबांनी सुपारी खाली ठेवली. दम घेत ते म्हणाले, "तुमाला चालणं पाह्यजे व्हतं, तर चाला म्हणायचं. देवाला मधी कशाला आणलं? देवाचं काम म्हटलं की आमच्याकडं माणूस लावतात. हे तुमाला ठावं न्हाई?"

हे शास्त्र्यांना ठाऊक होते. त्यांच्या वडिलांचे अर्धे आयुष्य दुसऱ्यांची व्रते करण्यात गेले होते. इतके ग्रंथ वाचून आपण आपल्याच घराची रीत विसरलो, हे त्यांना त्या सरळ प्रश्नापुढे प्रथम दिसले. गावातल्या दुसऱ्या कोणीही हा प्रश्न विचारला नसता.

"चुकलो," ते म्हणाले. "आता वैद्य म्हणून सांगतो. उद्या पहाटे माझ्याबरोबर चला."

"न्हाई आलो तर?"

"तर दुपारी मी कोणाकडे यायचं?"

काकासाहेबांनी खाली ठेवलेली सुपारी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मागल्या दारानं जाऊ."

दुसऱ्या दिवशी धुक्यात दोघे निघाले. सुरुवातीला काकासाहेब चोरासारखे चालत होते. मळ्याचा बांध लागला तशी त्यांची चाल सैल झाली. हुरड्याला आलेल्या ज्वारीतून वारा येत होता. थांबत, श्वास घेत ते चालत राहिले. एकदा त्यांनी वहाणा काढून मातीत पाय ठेवला आणि विचारले, "ही जमीन आपलीच ना?"

"तुमचीच."

"इतकी गार असती व्हय!"

शास्त्री हसले. या गतीने, याच थांबण्यांसह, महिन्याभरात पाटाला पाणी लागेल, असे त्यांना वाटले. एवढ्यात शेतातून ओरड आली. पुंजाराम नावाचे त्यांचे कूळ विळा टाकून धावत येत होते.

"मालक! काय झालं? घोडी कुठं हाये? कुनी काय केलं का?"

"काही न्हाई रे, पुंजाराम. चालून राह्यलोय."

पुंजारामला हे वाक्य कळले नाही. ते कळावे अशी त्या शिवारात सोयच नव्हती. त्याने हाका मारल्या. आजूबाजूच्या शेतांतून माणसे जमली. कोणी पाण्याचा गडवा आणला, कोणी उपरण्याने वारा घालू लागला. बाया पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. खोपीतली बाज आली.

"अरे, चालू द्या त्यांना!" शास्त्री ओरडले. "हेच औषध आहे! बाजूला व्हा!"

पुंजारामने हात जोडले. "बुवा, तुमी लय शिकलेलं मानूस. पन मालकाला असं पायी वढत आनलं, हे शोभतं का तुमाला?"

काकासाहेबांचा एक शब्द पुरेसा होता. साऱ्या टेंभुर्णीत त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. त्यांनी बाजेकडे पाहिले, जमलेल्या माणसांकडे पाहिले, मग शास्त्र्यांकडे पाहिले. मग पायातली माती झटकून वहाणा घातल्या आणि ते बाजेवर बसले. चौघांनी बाज उचलली. एवढ्या प्रेमाने, एवढ्या अदबीने माणसाला मरणाकडे नेताना शास्त्र्यांनी आधी कधी पाहिले नव्हते. बांधावर ते एकटे राहिले.

दुपारपर्यंत तालुक्यात बातमी पसरली की देशमुखांचे दिवाळे निघाले. जाफराबादेहून व्याही चौकशीला आले. शास्त्री बैठकीवर गेले तेव्हा काकासाहेब आडवे होते.

"हा विषय आता बंद, शास्त्रीबुवा."

"घरातल्या घरात तरी चाला. ओसरीवर."

"ओसरीवर गडी असतात." थोडे थांबून ते म्हणाले, "मजा आल्ती खरं. लहानपणी बी असं कुणी चालू दिलं न्हाई."

"मग का बसलात बाजेवर?"

"बसलो नसतो तर त्या उचलणाऱ्यांचं काय राह्यलं असतं?"

हे शास्त्र्यांना बिलकुल पटले नव्हते, पण तसे म्हणण्याइतकाही राग त्यांना आवरता आला नाही. ते उठून आले आणि कितीतरी दुपारी तिकडे फिरकले नाहीत. घरी ग्रंथ उघडून बसत आणि पान उलटत नसत.

माघात एका सकाळी कडूबा धावत आला. शास्त्री पोचले तेव्हा काकासाहेब अंथरुणात पाठीवर होते, ओठ निळे, डोळे अर्धवट मिटलेले. गोजरबाई उशाशी बसल्या होत्या. दारात, ओसरीवर, अंगणात माणसे उभी होती. शास्त्र्यांनी मनगट हातात घेतले.

त्यात काहीच नव्हते. हे त्यांना बोटे टेकताच कळले.

"बुवा?" गोजरबाईंनी विचारले.

शास्त्र्यांनी डोळे मिटून दुसऱ्या हाताने थांबायची खूण केली. सगळे थांबले. एवढा शिकलेला वैद्य नाडी बघतोय म्हटल्यावर श्वासही मोठ्याने घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. बोटे उचलली की हंबरडा फुटणार होता, आणि मग हा माणूस गावाचा होणार होता, भावकीचा, तिरडीचा. मनगट अजून कोमट होते. शास्त्र्यांनी मान जरा कलती केली, जणू फार दूरचे काही ऐकू येत होते, आणि बोटे तशीच ठेवली.