रात्रपाळीचा पेशंट

पुंजाराम शिरसाट चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नऊ वर्षं रात्रपाळी करत होता. सकाळी सातला सुटायचा, नऊला झोपायचा, आणि दुपारी चारच्या आत त्याला उठवायची घरात कुणाची छाती नव्हती. अशाच एका सकाळी घरी येताना जालना रोडवर टेम्पोनं त्याची सायकल उडवली. डोक्याला मार लागला. सात आठवडे तो दवाखान्यात पडून होता. डोळे कधी उघडे, कधी मिटलेले. उघडे असले तरी कुणाकडे बघत नव्हते.

डॉक्टरांचा राउंड सकाळी दहाला. ते "पुंजाराम, हात दाबा!" असं ओरडायचे, दुखून तरी हलतो का बघायला छातीवर बोटांची पेरं घासायचे, आणि 'प्रतिसाद नाही' लिहून पुढच्या खाटेकडे वळायचे.

"सायेब, दुपारी या ना. दुपारी दाबत्यात ते हात," त्याची बायको मालनबाई रोज सांगायची.

"बाई, ते आपोआप होतं. समजून केलेलं नसतं."

"मंग माझं बोट दुखायलं, ते बी आपोआपच का?"

सिस्टरचं म्हणणं असं, की वॉर्डात जेवढ्या बायका आहेत तेवढ्यांचे नवरे डॉक्टर गेल्यावरच हात दाबतात.

शुक्रवारी डॉक्टरांनी सांगून टाकलं. सोमवारी 'जाणीव नाही' असा कागद करतो, पेशंटला घरी न्या, नळीनं पेज कशी द्यायची ते सिस्टर शिकवतील. एकदा तो कागद झाला की पुंजारामला जन्मात कुणी काही विचारणार नव्हतं. मालनबाईला हे बरोबर कळलं होतं.

सोमवारी विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं. रस्ते अडायच्या आत पोचावं म्हणून डॉक्टर साडेनऊलाच आले. बघतात तर पुंजारामच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी, खिडकीला चादर, आणि मालनबाई तोंडावर बोट धरून उभी.

"हळू बोला सायेब. आत्ताच डोळा लागलाय."

"हे रोज करता?"

"रोज. तुमच्या आधी काढून ठेवते फडकं. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी झोप नको का?"

"म्हणजे सात आठवडे मी यायच्या वेळेला तुम्ही त्याला झोपवताय?"

"आन तुम्ही सात आठवडे झोपल्या माणसाला इचारताय! मी दुपारी या म्हणत होते, ते काय चहाला बोलवत होते का?"

डॉक्टरांनी फडकं काढलं आणि तपासलं. पुंजाराम झोपला होता. डॉक्टरांनी कागद भरला, सही तेवढी संध्याकाळवर ठेवली.

चार वाजले तरी रस्ते बंदच होते. डॉक्टर वॉर्डातल्या टेबलापाशी अडकून पडले होते. पुंजारामचा धाकटा भाऊ काकासाहेब मोर्चातून घसा बसवून आला होता.

"सायेब, तसंही बसलाच हायेत," मालनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी मोठा उसासा टाकला. उठले. पुंजारामच्या मुठीत दोन बोटं दिली. मूठ आवळली.

"बघा!"

"बाई, तान्हं मूलसुद्धा एवढं करतं. पुंजाराम, दोनदा दाबा."

काही नाही. डॉक्टर बोटं काढायला लागले.

"तुम्हाला कसली घाई? गाडी तर नाय मिळत," मालनबाई म्हणाली.

मग मूठ आवळली. सुटली. इतका वेळ गेला, की डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा आवळली.

"आता दाबू नका." मूठ सैल राहिली. "तीनदा."

एक. दोन.

"तीन! दादा, तीन!" काकासाहेब ओरडला.

"तुम्ही बाहेर जा!"

"जावा भावजी, ही काय सभा हाय व्हय?"

तो दारात जाऊन उभा राहिला. तिसरी आली.

डॉक्टर स्टुलावर बसले. 'हो' म्हणजे एकदा, 'नाही' म्हणजे दोनदा, असं त्यांनी पुंजारामला सांगितलं; दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज राउंडचा राहिला नव्हता. "तुमच्या बायकोचं नाव भामाबाई?" दोनदा. "मालनबाई?" एकदा, आणि मग सोडेचना.

मालनबाईनं पदराला नाक पुसलं आणि पहिल्यांदा काय बोलली असेल, तर, "आता तो कागद फाडा."

डॉक्टरांनी फाडला. नवा घेतला. त्यावर दोनच रकाने होते, 'शुद्धीवर' आणि 'बेशुद्ध'. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"साहेब, एवढंच छापून येतं," सिस्टर म्हणाली.

शेवटी त्यांनी दोन्ही रकाने खोडले आणि समासात लिहिलं: 'ऐकतो. समजतं. दुपारी चारनंतर विचारावे.'

मालनबाई रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकली होती. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरलेला तो सरळ केला आणि अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचला.

"आन 'उत्तर येस्तवर थांबावे' ते?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं.