तेविसाचा भाग

जयंतीची तारीख जन्मसालासकट सलग लिहिली की १४०४१८९१ होते, आणि या आकड्याला कशानंच भाग जात नाही, असं नेर गावातल्या त्याच्या वस्तीला सांगितलं संघदीपनं. कॉलेजात गणित शिकवणारा आपलाच पोरगा सांगतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? विहारातल्या बैठकीत त्यानं एकोणीसपर्यंतच्या संख्या मनातल्या मनात लावून पाहिल्या आणि ऐटीत जाहीर केलं, "मूळ संख्या आहे!" खरं तर साडेतीन हजारांच्याही पुढं तपासत जायला हवं होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पण टाळ्या पडल्या आणि शहाण्याची अक्कल शेण खायला गेली.

मंडळानं बिल्ले छापले. निळ्यावर पांढरा आकडा, खाली 'आम्ही न तुटणारे'. त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, एक बिल्ला पांढऱ्या पातळावर लावला आणि मिरवणुकीत भेटेल त्याला धरून सांगितलं, "माह्या पोरानं शोधला. कोनाच्यानं तुटत नाई!"

संघदीपला ते ऐकवत नव्हतं. संध्याकाळच्या भाषणाची तयारी करताना सकाळीच त्यानं तेविसानं भाग देऊन पाहिला होता, आणि बाकी शून्य आली होती. शरमेनं कान तापले, तरी त्यानं दिवसभर ब्र काढला नाही. बिल्ले तर लागलेत, आता कशाला, अशी स्वतःचीच समजूत घालत राहिला.

संध्याकाळी अध्यक्ष मारोतरावांनी मंडपात फळाच आणून ठेवला. "दाखव लोकायले. दे भाग."

त्यानं दोननं दिला. बाकी एक. टाळ्या. मग तीन, पाच, सात. बाकी उरली की टाळ्या. एकोणिसाला सतरा उरले आणि त्यानं खडू खाली ठेवला.

"काहून थांबला?" पहिल्या रांगेतून रुखमाबाई ओरडली. "अजून दे ना बाप्पा, पाहू दे साऱ्यायले!"

तिचं फुललेलं तोंड पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकवीस लिहून वेळ मारून नेता आली असती; तीननं गेला नाही तो एकविसानं कुठून जाणार? त्यानं एकवीस लिहिलंही. मग हातानंच पुसलं आणि तेवीस लिहिलं. सहा लाख दहा हजार पाचशे सतरा. खाली शून्य.

मागच्या पोरांचे हात जागीच थांबले. पुढच्या बायांनी मात्र ओघात टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात रुखमाबाईनं.

"आई, नको वाजवू," तो माइकवरच म्हणाला. "भाग गेला. मी न तपासताच सांगितलंतं. अन् चूक मले सकाळीच समजलीती."

"सकाळी?" रुखमाबाईचे हात मांडीवर आले. "अन् मले दिवसभर सांगत फिरू देल्लं?"

त्याला मान वर करता येईना. रुखमाबाईनं पदर पुढं ओढला आणि बिल्ला झाकून घेतला.