मजा करायला चाललेली बाई

बेबीने पुन्हा आरसा पुढे धरला आणि म्हणाली, "हस."

पुरिंग हसली.

"हे हसणं झालं, मानाय? दाढ दुखतेय असं वाटतं. मजा करायला चाललेली बाई अशी हसते होय?"

"मी कधी गेलेय ग मजा करायला? मला काय ठाऊक ती कशी हसते!"

बेबीचं वय चोपन्न. पुरिंग तिच्याहून मोठी, म्हणून ती तिला मानाय, म्हणजे ताई म्हणायची. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं नाव आता पाद्रीसुद्धा विसरला होता. कोपऱ्यावर तिचं मीठ-तांदळाचं दुकान होतं. त्याखेरीज तिचं मोठेपण असं, की मनिलाच्या विमानतळावरून तिला तीनदा परत पाठवलं होतं. आमच्या गावात एवढा अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीला नव्हता, म्हणून परदेशगमनाच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा मानत.

ज्या बाईला ती हसायला शिकवत होती, तिची एकुलती एक मुलगी लोदिविना हाँगकाँगच्या एका इस्पितळात बेशुद्ध पडली होती.

लोदी तिथे एका कुटुंबात घरकामाला होती. स्वयंपाकघराची खिडकी पुसताना स्टुलावरून पडली ती डोक्यावर. मालकिणीने फोन केला. डॉक्टर म्हणतात, आईला यायचं असेल तर लवकर यावं. सांगता सांगता मालकीण रडली. लोदीने पाच वर्षांत मालकिणीबद्दल बरंच काही कळवलं होतं, पण ती रडते असं कधी कळवलं नव्हतं. त्यावरून पुरिंगला प्रकरण कुठवर गेलंय ते समजलं.

हाँगकाँगला जाणं तसं अवघड नव्हतं. तिथले लोक आपल्याला दोन आठवडे व्हिसाशिवाय येऊ देतात. अवघड होतं ते आपल्याच देशातून बाहेर पडणं. पर्यटक म्हणून बायकांना नेऊन तिकडे राबवणारे भामटे फार माजले, तेव्हापासून आपल्याच विमानतळाच्या खिडकीवर आपलेच साहेब विचारतात, बाई, कशाला चाललात, आणि परत येणार कशावरून? सरकारचा हेतू चांगलाच होता. चांगल्या हेतूला कागद जास्त लागतात, इतकंच.

पुरिंगने आधी खरं बोलायचंच ठरवलं होतं. त्यासाठी तिने चौकशीचा फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता, ओळख ना पाळख तरी नानाय, म्हणजे आई म्हणत होता. म्हणाला, "मुलीचं निमंत्रण लागेल, नानाय. तिने तिथल्या आपल्या वकिलातीत स्वतः जाऊन शपथेवर सही करायची."

"ती बेशुद्ध आहे हो."

"मग शुद्धीवर आल्यावर करू दे."

"शुद्धीवर आली तर मी एवढ्या घाईने कशाला जाऊ?"

"हेही बरोबर आहे तुमचं," तो माणूस म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे खऱ्याला सही लागत होती. खोट्याला, बेबीच्या म्हणण्याप्रमाणे, नुसती टोपी पुरत होती.

टोपी बेबीने आपली दिली. रुंद काठाची, गवती, वर कापडी सूर्यफूल. काळा चष्मा शाळेतल्या मास्तरणीने दिला. येण्याजाण्याचं तिकीट आणि हॉटेलची खोली गावाने वर्गणी काढून केली. पासपोर्ट पुरिंगकडे होता. लोदीनेच मागे लागून काढायला लावलेला. "नानाय, ये ना एकदा. डोंगरावर तारेवरून पाळणा जातो, त्यात बसवते तुला." आणि पुरिंग दर वर्षी म्हणायची, "आणि डुकराला खायला कोण तुझा बाप घालणार?" लोदीचा बाप वारलेला होता, म्हणून या प्रश्नाला उत्तर नसे. पासपोर्ट कोराच राहिला.

"कोरा आहे हेच वाईट," बेबी म्हणाली. "एकदा जाऊन परत आलेल्यावर त्यांचा भरवसा असतो."

"मग पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करायचं?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे मीठ विकत बसले असते? आता ऐक. लोदीचं नाव काढायचं नाही. तिकडे मुलगी आहे म्हटलं, की बाई तिकडेच कामाला राहणार, असं ते धरून चालतात. मुलगी नाही, नातलग नाही, ओळखीचं कुत्रं नाही. सुके मासे न्यायचे नाहीत. नारळाच्या दुधातलं अळू न्यायचं नाही."

"लोदीला आवडतं ग अळू."

"बेशुद्ध माणूस अळू खातं का?" बेबी बोलून गेली, आणि मग बराच वेळ आरसा पदराने पुसावा तसा आपल्या झग्याच्या टोकाने पुसत राहिली.

सुके मासे नेले नाहीत, अळूही नाही. पण निघायच्या दिवशी शेजारीपाजारी पायांची मापं घेऊन आले. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं, की पाय पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखायची आणि तो पुठ्ठा त्याच्या हवाली करायचा. त्या मापाच्या चपला-बूट यायचे. लोदी कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माणूस परदेशी चाललंय म्हटल्यावर माप न देणं म्हणजे, ती काही परत येत नाही, असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून ज्यांना चपला नको होत्या त्यांनीही मापं दिली.

सगळ्यात शेवटी लोदीची मुलगी निंगनिंग आली. वय सहा. आजीला ती लोला म्हणायची. तिने कॅलेंडरच्या पाठीवर आपला पाय आखला होता आणि बोटांच्या नखांना लाल रंग दिला होता.

"आईला सांग, लोला, मागचे बूट लहान झाले."

"सांगते हं," पुरिंग म्हणाली. त्या दिवसात तिला सहज जमलेलं हसू ते एवढंच.

रात्रभर बसने हादरत सकाळी ती मनिलाला पोचली. विमानतळावरची रांग लांब होती. पुढे एक जोडपं खिदळत होतं. पुरिंगने त्या मुलीकडे नीट पाहून घेतलं. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात पाहावं तसं.

खिडकीतल्या साहेबाने पासपोर्टची पानं उलटली. सगळी कोरी. त्याने ती परत उलटली, जणू दुसऱ्या खेपेला काही उगवेल.

"कशाला चाललात?"

"मजा करायला."

"एकट्याच?"

"हो. जरा जीव रमवायला."

"काय काय बघणार?"

"डोंगरावर तारेवरून पाळणा जातो. त्यात बसणार." हे तिला पाठ करावं लागलं नव्हतं.

"तिथे कोणी आहे तुमचं?"

"नाही," पुरिंग म्हणाली, आणि हसली.

साहेबाने तिच्या हसण्याकडे पाहिलं. बेबी जवळ असती तर म्हणाली असती, दाढ, मानाय, दाढ. साहेबाने पासपोर्टमध्ये एक चिठ्ठी खोचली आणि बाजूच्या दाराकडे बोट केलं. "आत जरा बसा, नानाय."

आत एक बाई अधिकारी होती. तिशी ओलांडलेली, म्हणजे लोदीच्याच आगेमागे. टेबलावर अर्धा खाल्लेला भात झाकून ठेवला होता. भिंतीवरच्या घड्याळाखाली सूचना होती की घाई करू नये.

"मॅडम, माझं विमान..."

"विमानाला कळवतात ते. बसा. टोपी काढा. नवऱ्याचं नाव?"

"वारले."

"कामधंदा?"

"डुक्कर आहे एक. आणि थोडं अळू लावते."

"डुक्कर आणि अळवावर हाँगकाँगची सहल?"

"गावाने वर्गणी काढली."

"का? तुम्ही एवढ्या आवडत्या?"

बेबीच्या शिकवणीत हा प्रश्न नव्हता.

"मुलंबाळं?"

"नाही."

हे दुसरं नाही. आमच्या चर्चमध्ये सान पेद्रोच्या पुतळ्याच्या पायाशी एक कोंबडा आहे, आणि तो तिथे का आहे ते गावात शेंबडं पोरही सांगतं. प्रभूला पकडून नेलं तेव्हा त्याचा हा शिष्य सान पेद्रो भीतीपोटी तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि मग कोंबडा आरवला. पुरिंग दर रविवारी त्या कोंबड्याची धूळ पुसायची. सान पेद्रोला तीनदा नाही म्हणायला जमलंच कसं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता वाटलं, जमतं. पहिल्यांदा जीभ अडखळते. दुसऱ्यांदा तेवढी नाही.

"बॅग उघडा."

कपडे निघाले. लोदीचा जुना, मऊ झालेला झगा निघाला, तो पुरिंगने स्वतःचा म्हणून सांगितला. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुठ्ठे निघाले. मॅडमने ते टेबलावर पसरले. अख्खं गाव अनवाणी येऊन टेबलावर उभं राहिलं.

"हे काय?"

"मापं. चपला आणायला सांगितल्यात."

"नानाय, मी इथे काल आले नाही. कामाला जाणाऱ्या बायकाच मापं नेतात. तिकडून पेटी भरून पाठवायला. सहलीची बाई गावाचे पाय घेऊन फिरत नाही."

"फिरते की. मी फिरतेय."

मॅडमला हसू आलं असावं, पण तिने ते आवरलं. मग तिने सगळ्यांत खालचा कागद उचलला. लाल नखांचा.

"हा कोणाचा?"

"नातीचा."

बोलून गेल्यावर पुरिंगला कळलं.

"मुलंबाळं नाहीत, आणि नात आहे." मॅडम खुर्चीत मागे टेकली. "बरं. हिची आई कुठे असते?"

नाही एवढंच म्हणायचं होतं. मुलगी होती, आता नाही. बेबीने सगळं शिकवलं होतं, त्यात हे बसत होतं. दोनदा नाही म्हणून झालं होतं, तिसरं ओठांवर होतं. पण हा शब्द आधीच्या दोहोंसारखा नव्हता. तो हवेत गेला असता तर हाँगकाँगच्या त्या खोलीपर्यंत जाऊन खरा झाला असता.

"आहे," पुरिंग म्हणाली. "आहे हो ती. हाँगकाँगला आहे. इस्पितळात आहे. शुद्धीवर नाही, पण आहे." आणि ज्या गोष्टीची बेबीने सगळ्यांत कडक मनाई केली होती ती तिने केली. ती रडली, आणि तेही मजेला निघालेल्या बाईला न शोभेलसं, नाक गळेपर्यंत.

मॅडमने तिला कागदी रुमाल दिला. तिने इस्पितळाचा पत्ता विचारला, तो पुरिंगच्या फोनवर पाहिला, मालकिणीचे निरोप वाचले. सगळं खरं होतं. त्यामुळे अडचण वाढली.

"खिडकीवरच खरं का नाही सांगितलंत?"

"खऱ्याला मुलीची सही लागते."

"मग?"

"मुलगी बेशुद्ध आहे."

भिंतीवरचं घड्याळ सूचनेबरहुकूम अजिबात घाई करत नव्हतं, तरी काटा पुढे सरकला.

"आता मी तुम्हाला कशी सोडू? खिडकीवर खोटं बोललात, ते नोंदलं गेलं. उद्या तुम्ही तिकडेच राहिलात तर जाब मला. परत येणार कशावरून? काहीतरी दाखवा मला, नानाय. काहीही."

पुरिंगजवळ जमीन नव्हती, पगार नव्हता. डुकराचा दाखला मिळत नाही. तिने टेबलावर इकडेतिकडे पाहिलं आणि लाल नखांच्या कागदावर बोट ठेवलं.

"हा बघा. पोरीचा पाय आहे, मॅडम. दोन महिन्यांत हा कागद खोटा होतो. मला तिकडे राहायचं असतं तर मी हा आत्ता कशाला नेला असता? लागेल तेव्हा नवीन मागवला असता. मी लगेच येणार म्हणूनच आजचा पाय घेऊन चाललेय. तिची आई... आई उठली तर दोघी येऊ. नाही उठली, तरी पोरीकडे मलाच यायचंय. दुसरं कोण आहे तिला?"

मॅडम कागदाकडे पाहत राहिली. टेबलाखाली तिने आपले पाय खुर्चीच्या आत ओढून घेतले. मग तिने पासपोर्ट ओढला, एक कोरं पान शोधलं (शोधायला फारसं लागलं नाही) आणि शिक्का मारला. झाकलेल्या भाताची ताटली हलली.

"एक बोट मोठे घ्या, नानाय," ती शिक्क्याकडे बघत म्हणाली. "लहान बूट फार चावतात. आणि पोरं सांगत नाहीत."

"देव तुमचं..."

"ते नंतर. पळा. आणि ऐका, तिकडे उतरल्यावर परत खिडकी आहे. ते लोक माझ्यासारखे वाचत बसत नाहीत. तोंड धुवा, टोपी घाला, आणि हसा. असा चेहरा घेऊन गेलात तर त्याच विमानाने परत पाठवतील."

पुरिंग पळाली. टोपीवरचं सूर्यफूल वाटेत कुठेतरी गळलं. विमानाचं दार लावता लावता तिला आत घेतलं, आणि लोकांनी तिच्याकडे, खरेदीत रमून उशीर केलेल्या बाईकडे बघावं तसं पाहिलं.

जागेवर बसली, पट्टा लावला, आणि झग्याच्या खिशात फोन वाजायला लागला.

नंबर हाँगकाँगचा. मालकीण.

तिने फोन हातात धरला. बातमी चांगली असू शकत होती. लोदीने डोळे उघडले असतील. तशी असली तर तासा-दोन तासांनी कळली तरी चांगलीच राहणार होती. आणि दुसरी असली, तर पुढच्या खिडकीवर दाखवायला तिच्याजवळ चेहरा उरणार नव्हता. मग लोदीपर्यंत, तशा लोदीपर्यंतसुद्धा, तिला कुणी पोचू दिलं नसतं.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

"आजी, बंद करा आता फोन, निघतंय," शेजारचा तरुण म्हणाला. रांगेत पुढे खिदळणाऱ्या जोडप्यातला. त्याची बायको वाकून म्हणाली, "पहिल्यांदाच चाललात का?"

पुरिंगने बटण दाबून धरलं. पडद्यावरचा नंबर विझला. तिने काळा चष्मा लावला आणि टोपी सरळ केली.

"हो," ती म्हणाली. "मजा करायला."

आणि बेबीने शिकवलं होतं तसं, दाढ न दाखवता, ती हसली. ते हसू तिने तसंच धरून ठेवलं. पुढची खिडकी येईपर्यंत ते उतरवून चालणार नव्हतं.