घडी मोडली!

विम्याचा कागद सापडत नव्हता. रविवारची सकाळ त्यातच चाललेली. नवऱ्याने लोखंडी कपाटाच्या तळातून एक लाकडी पेटी ओढून काढली आणि विचारलं, "हे भंगारात देऊ का?"

"खबरदार!" बायको ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली.

ती एका कचेरीत हेडक्लार्क. पेटीत तैलरंगांच्या बारा ट्यूबा होत्या, चित्रकलेत पहिली आली तेव्हाचं बक्षीस. एकोणीस वर्षं ठेवणीत! आधी नोकरी कायम होऊ दे, मग नणंदेचं लग्न होऊ दे, मग संसाराची घडी नीट बसू दे... की निवांत चित्रं काढीन.

तिने एक ट्यूब दाबली. दगड. दुसरी दाबली. दगड! अकरा ट्यूबा खडखडीत वाळलेल्या. बारावी, पिवळी, तेवढी मधोमध जराशी दबली. पण तिचं टोपण काही केल्या फिरेना.

"ब्लेडने चीर," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी मटार सोलत बसल्या होत्या. तेहेतीस वर्षं नर्स होत्या, बोलणंही सुईसारखंच.

"चिरली तर दोन दिवसांत वाळेल, आई. राहू दे. पुढच्या रविवारी ब्रश आणते, कॅनव्हास आणते, मग..."

"मग पाहुणे येतील! अगं, वॉर्डात माणूस गेलं की त्याची पिशवी मी बांधून द्यायचे. काय निघायचं त्यातून? घडी न मोडलेले सदरे. टाचण्यासुद्धा तशाच! कुणासाठी जपले होते? तू एकोणीस वर्षं घडी बसायची वाट बघतेयस. पोरी, घडी मोडायची असते! आज हात चालताहेत, डोळ्यांना दिसतंय. हीपण घडीच आहे की."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब! आपला साहेब रविवारीच का आठवण काढतो, वाचकहो? कारण आपण फोन उचलतो.

"मॅडम, बदल्यांची यादी पाठवा. अर्ध्या तासाचं तर काम. तुम्ही काय, घरीच आहात."

'हो सर' ओठांवर आलंच होतं. तिने हातातल्या ट्यूबकडे पाहिलं.

"घरी आहे साहेब, पण मोकळी नाही. यादी उद्या दहाला."

"अहो, वरून विचारलं तर काय सांगू मी?"

"सांगा, बाई चित्र काढतेय."

तिने फोन बंद केला! नवऱ्याचा चेहरा पडला. "डोकं फिरलंय का? तुझ्या बढतीचा कागद त्याच्याच टेबलावर आहे!"

"असू दे. तो कागदही बसेल घडी घालून."

तिने ट्यूब चिरली. तेलाचा जुना वास खोलीभर पसरला. घरात ब्रश नव्हता, धड कागद नव्हता. ती सरळ कपाटाच्या दाराकडे वळली आणि बोटानेच रेघ ओढली.

"अगं, कपाट!" नवरा ओरडला. "पुसता तरी येईल ना?"

"नाही!"

पहिल्या रेघा वाकड्या गेल्या. हात विसरला होता. तिने त्या चिंधीने फासल्या, पुन्हा ओढल्या. तासाभराने दारावर वाकलेली मान आली, मांडीवरचं ताट आलं, शेंग फोडणारी बोटं आली.

सासूबाईंनी चष्मा लावला. "कावीळ झालीय मला." मग आणखी जवळ वाकल्या. "बोटं मात्र माझीच गं."

"आई, मैत्रिणींनी निवृत्तीला दिलेली शाल याच कपाटात आहे ना? तिची घडी कधी मोडणार?"

सासूबाई अडखळल्या. "ती... चांगली आहे. कुठे बाहेर जाताना..." आणि स्वतःच हसल्या. "सापडले! काढ रे ती."

नवऱ्याने शाल काढून उलगडली. घडीच्या रेघेवर ती आडवी विरली होती. नुसती ठेवून! सासूबाईंनी फाटकी बाजू बाहेर ठेवून ती अंगावर घेतली आणि उरलेले मटार सोलायला बसल्या.

सोमवारी साहेबाने तोंड फुगवलं, बढतीचा कागद दोन महिने अडवला. अडवू दे! त्या सोमवारी संध्याकाळीच हिने तीन नव्या ट्यूबा आणल्या आणि घरी येईपर्यंत रस्त्यातच एकीचं टोपण उघडून पाहिलं.

वापरून झिजतं ते निदान कामी तरी येतं. ठेवलेला रंग वाळतो, ठेवलेली शाल विरते, आणि हातातली कलाही अशीच मरते, कुणाला न कळता. तुमच्या कपाटाच्या तळाशी काय वाळत पडलंय? हे पान मिटा. उठा आणि बघा!