साडेसात किलोचा ताण

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कादिरकुलची जुनी व्होल्गा गाडी स्वतःच्याच फाटकात बंद पडली. मागच्या नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट, बॉनेटखालून उकळतं पाणी, आणि आत नवी टोपी घालून बसलेला कादिरकुल, गावाची लोकर विकत घेणारा व्यापारी.

दुपारी चारला खिंडीपलीकडे सव्वा तासावर असलेल्या नारिन शहराच्या प्रसूतिगृहातून त्याची सून मेएरिम पहिल्या नातवाला घेऊन बाहेर पडणार होती. मुलगा रशियात कामाला होता. बाळ-बाळंतीण ज्या घरात जातील तिथून चाळीस दिवस हलत नाहीत. व्याही इसाबेक नारिनमध्येच राहायचा आणि त्याच्याकडे नवी जपानी जीप होती. आदल्या दिवशी तो फोनवर म्हणाला होता, "चारला तुमची गाडी दिसली तर नातू तुमच्या घरी. एक मिनिट उशीर झाला, की आमच्या. मग या तुम्ही चाळीस दिवसांनी, सावकाश."

जून महिना होता. गावातल्या चालत्या गाड्या मेंढरांमागे वरच्या कुरणांवर गेल्या होत्या. कादिरकुलची बायको अनारकुल पळत जाऊन साइकालला घेऊन आली. साइकाल त्रेसष्ट वर्षांची. कोल्खोझच्या, म्हणजे जुन्या सरकारी सामुदायिक शेतीच्या, ट्रॅक्टर केंद्रात तिने पंचवीस वर्षं फिटरचं काम केलेलं. सगळं गाव तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायचं.

"पाण्याचा पंप गेलाय, एजे," कादिरकुल म्हणाला.

"तू लोकर बघ. इंजिन मी बघते."

तिने ऑइलची पट्टी ओढून त्याच्या नाकासमोर धरली. पट्टीवर पिवळट फेस होता. "साय धरलीय. पावाला लाव." मग जाड फडक्याने रेडिएटरचं झाकण जपून सोडलं, पाणी ओतलं आणि त्याला गाडी चालू करायला सांगितलं. पाण्यातून भराभर बुडबुडे आले. चारही प्लग तिने काढून बॉनेटवर ओळीने मांडले. कडेचे दोन काळे, मधले दोन धुतल्यासारखे स्वच्छ.

"किती दिवस पाणी ओततोयस?"

"फार नाही."

"पंधरा," अनारकुल म्हणाली. "रोज अर्धी बादली. मी भरून देते ना!"

"हेड गॅस्केट उडालंय, दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये. तिथून आतला जाळ पाण्यात शिरतोय आणि पाणी ऑइलमध्ये. हेडला तडा नसेल तर तीनच्या आत गाडी देते."

"आणि असेल तर?"

"तर घोडा जुंप."

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गरम असताना उघडलं तर वाकतं, म्हणून सव्वा तास काहीच करता येईना. कादिरकुल गार पाण्याची बादली घेऊन इंजिनाकडे निघाला, तेव्हा साइकालने पान्यानेच त्याचा हात बाजूला केला. साडेनऊला काम सुरू झालं. शेजारचा जुमादिल मदतीला आला. म्हणजे मुख्यतः बोलायला. अकरा वाजून वीस मिनिटांनी दोघांनी हेड उचलून टेबलावर ठेवलं. त्याखालचं पातळ गॅस्केट मधोमध काडीएवढ्या रुंदीत जळून गेलं होतं. साइकालने हेड पुसून लख्ख केलं, भिंगातून इंच न इंच पाहिलं, मग पोलादी पट्टी त्यावर उभी धरली.

"जुमादिल, खालून बघ. उजेड दिसतोय का?"

"नाही."

"तिरकी धरते. आता?"

"अजिबात नाही."

"मग असा गप्प काय उभा राहिलास? ओरड की! हेड सरळ आहे, तडा नाही!"

कादिरकुलने टोपी हवेत उडवली. ती ऑइलच्या ट्रेमध्ये पडली.

नवं गॅस्केट साइकालच्या खोपटात खिळ्याला टांगलेलं होतं. दोन्ही बाजूंना ग्रॅफाइटची भुकटी चोळून तिने ते बसवलं. पाऊण वाजता हेड जागेवर आलं. आता दहा नट आवळायचे होते, आणि किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना तिचा पुतण्या कुरणावर घेऊन गेला होता.

"अनारकुल, लोकरीचा काटा आण."

"काटा कशाला?" कादिरकुल म्हणाला. "अंदाजाने आवळ ना!"

"कमी आवळलं तर खिंडीत पुन्हा उडेल. जास्त आवळलं तर अॅल्युमिनियममधून बोल्ट उपटून येईल. मग या इंजिनावर कोंबड्या बसव."

तिने पान्यावर लांब नळी चढवली, नटापासून बरोबर एक मीटरवर खूण केली आणि तिथे स्प्रिंगच्या काट्याचा हूक अडकवला. काटा धरून ओढायचं. सुई साडेसात किलोवर आली की नट बसला. मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत. पहिली तीन किलोला, दुसरी पाचला. गावातल्या प्रत्येक मेंढीची लोकर याच काट्यावर तोलली गेली होती, त्यामुळे सगळे सुईकडे टक लावून होते. कादिरकुल मात्र नटाकडे पाहत होता.

तिसरी फेरी, पहिला नट. साडेपाच. पावणेसहा. सहा. नट करकरला.

"थांब!" कादिरकुल ओरडला.

"आत्ता कुठे सहा झालेत."

"बास, एजे. पुरे तेवढं."

"पुस्तकात साडेसात लिहिलंय."

कादिरकुलने घाम पुसला. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"सहा म्हणजेच साडेसात," तो म्हणाला.

साइकालने काटा अलगद सैल सोडला. अनारकुल घरातून पाण्याच्या दीड-दीड लिटरच्या पाच बाटल्या घेऊन आली आणि पिशवीत भरून तिने स्वतःच त्या काट्याला लावल्या. साडेसात किलो पाणी. सुई सहावर थांबली.

"अस्सं!" जुमादिल म्हणाला. "आणि मी समजत होतो माझ्या मेंढ्या वाळत चालल्यात!"

मग मात्र अंगण हसण्याने दणाणलं. अनारकुल हसली नाही. तिने विचारलं, "एजे, तुला माहीत होतं?"

"खोटा आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. चल, दहाही सहावर!"

दहा नट, व्हॉल्व्ह, नळ्या, नवं ऑइल, पाणी. दोन वाजून अडतीस मिनिटांनी कादिरकुलने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं, आणि चालू झालं. साइकाल रेडिएटरवर वाकली.

"एक बुडबुडा नाही!"

"नाही?"

"नाही म्हटलं ना! पळ! आणि उद्या गार इंजिनावर नट परत बघायचेत."

"आणि मला लोकरीचं बोलायचंय!" जुमादिल गाडीबरोबर धावत ओरडला.

"आल्यावर!" कादिरकुलने खिडकीतून हात हलवला.

खिंडीच्या चढावर तो रस्त्याइतकाच तापमानाच्या सुईकडे बघत होता. ती ऐंशी अंशांपाशी गेली आणि तिथेच राहिली. माथ्यावर तो एकटाच मोठ्याने गायला लागला.

तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी व्होल्गा प्रसूतिगृहाच्या फाटकाशी आली. इसाबेक जीपला टेकून उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं, मग व्होल्गाची मागची नळी.

"धूर कसा नाही, व्याहीबुवा?"

"धूर तुमच्या डोक्यातून येतोय."

"गाडी तरी बंद करा."

"नाही करत."

चारला पाच मिनिटं असताना मेएरिम बाहेर आली. इसाबेकने जीपचं दार उघडून धरलं. तिने वडिलांकडे पाहिलं, धडधडणाऱ्या व्होल्गाकडे पाहिलं, आणि बाळाला छातीशी धरून व्होल्गात मागे बसली.

"अता, केवढा आवाज हा! बाळ उठेल," ती सासऱ्याला म्हणाली.

"होऊ दे सवय," कादिरकुल म्हणाला आणि गाडी गावाकडे वळवली. जीप निमूट मागून आली.