पालथ्या जहाजाची मंडई

बंदरावरच्या मंडईत उभं राहून वर पाहिलं की वाटायचं, कुणीतरी भलंमोठं जहाज उचलून भिंतींवर पालथं घातलंय. आणि ते खोटं नव्हतं. आगबोटी आल्या, शिडाच्या जहाजांचे दिवस सरले आणि गावचे जहाजसुतार हात चोळत बसले. तेव्हाच्या पालिकेने त्यांना मंडई बांधायला दिली. घर कसं बांधतात हे त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. जित्याची खोड ती. त्यांनी जहाजच बांधलं आणि उलटं ठेवलं.

ही हकिगत वास्तुविशारद बाईंनी दुरुस्तीच्या प्रस्तावात अगदी पहिल्या पानावर, मोठ्या दिमाखात लिहिली होती. बाई गावच्याच, मंडईत दोरखंड विकणाऱ्या आत्याने लहानाच्या मोठ्या केलेल्या. लिहिलं जहाज आणि दुरुस्ती केली घराची. लाकडी खुंट्यांचे सांधे ढिले दिसले, म्हणून प्रत्येक सांध्यावर लोखंडी पट्टी आवळली. वाऱ्यात कुरकुरणारं छप्पर एकदम गप्प झालं. लोकांनी पाठ थोपटली, आणि वर्ष उलटायच्या आत भिंतींना तडे गेले.

पालिकेच्या अभियंत्याने छपराखाली टेकू लावले आणि दुकानं बाहेर काढली. आता पाडून टाकू, गाड्या लावायला जागा होईल, म्हणाला. दुकानदार भर उन्हात रस्त्यावर बसू लागले. आत्या जेवायला वाढताना रोज ऐकवायची, "इतकी वर्षं धडधाकट होती. तू हात लावलास."

बाई ताट तसंच सारून मंडईकडे धावत. तडे बुजवून झाले, ते पुन्हा उघडले; पाया तपासून झाला. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला.

एका दुपारी बाई दुसऱ्या कामासाठी खाडीपलीकडे निघाल्या. लाकडी होडी जुनी, लाटा चांगल्याच. तोल सावरायला त्यांनी काठाच्या फळीवर हात टेकला आणि बोट चिमटलं. दोन फळ्यांमधली फट लाटेबरोबर उघडत होती, मिटत होती. लाकूड हलत होतं, म्हणूनच होडी शाबूत होती. बाईंनी चिमटलेलं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने कपाळ बडवून घेतलं. जहाजसुतारांनी सांधे ढिले सोडले होते ते मुद्दाम. ते आवळल्यावर वाऱ्याचा सगळा जोर बिचाऱ्या भिंतींवर गेला.

"म्हणजे चूक तुझीच," आत्या म्हणाली.

"माझीच."

"मग तोंड पाडून काय बसलीस? निस्तर."

अभियंता ऐकून वैतागला. "आधी पट्ट्या लावायच्या, मग काढायच्या. पोरखेळ आहे का हा?"

"पट्ट्या काढते, मग टेकूही काढते," बाई म्हणाल्या. "त्यानंतर भिंत हलली, तर खुशाल पाडा. मी आड येणार नाही."

त्याने प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून घेतली. तडा जरा वाढला तरी काच तडकणार, म्हणजे वादाला जागाच नाही.

शेवटचा टेकू काढला त्या दुपारी समुद्रावरून वारा सुटला होता. अख्खा बाजार दाराशी जमलेला. आढ्याच्या एका टोकाला करकर सुरू झाली आणि सांध्यासांध्यातून दुसऱ्या टोकाला गेली. मजूर पळाले. अभियंताही चार पावलं मागे सरला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण बाई मंडईच्या मधोमध उभ्या राहिल्या. आपलं चुकलं असेल, तर ते निदान आपल्याच डोक्यावर पडू दे.

वारा वाढला. छप्पर डुललं, कण्हलं, पुन्हा बसलं.

अभियंता आत आला. हातातली बॅटरी प्रत्येक तड्यावर धरत त्याने चारी भिंती फिरून पाहिल्या, काही काचा तर दोनदा. मग त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं.

"एकही तडकलेली नाही," तो म्हणाला. "पाडायचा प्रस्ताव मी आजच मागे घेतो. माणसांना आत येऊ द्या."

येऊ द्या कसलं, माणसं घुसलीच. टोपल्या, तराजू, ताडपत्र्या, सगळं एकदम. बाई त्या लोंढ्यात उभ्या राहून हसत होत्या आणि डोळ्यांना धार लागली होती. इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. तेवढ्यात खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं घेऊन आत्या समोर आली.

"रडून झालं की सरक बाजूला," ती म्हणाली. "माझ्या दुकानाच्या जागेत उभी आहेस."